लॅपटॉप घेताना जे बदलता येत नाही ते आधी बघा

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आधी प्रोसेसर विचारला जातो, मग रॅम, मग एसएसडी, म्हणजे माहिती साठवण्याची डिस्क. यातल्या एसएसडीची काळजी सगळ्यात शेवटी करावी. बहुतेक यंत्रांत ती एका स्क्रूवर बसवलेली असते आणि चार वर्षांनी कमी पडली तर मोठी घालता येते. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, आत हवा खेळती ठेवण्याची सोय आणि बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली रॅम यांचं तसं नाही. पहिल्या दिवशी जे मिळालं तेच शेवटपर्यंत वापरावं लागतं. स्क्रीन फुटली तर बदलून मिळते, पण बहुधा त्याच दर्जाची. फिक्या पडद्याच्या जागी चांगला पडदा बसवून घेणं क्वचितच जमतं. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी पारखावं, बाकीचं नंतर.

रॅमचं बघू. माहितीपत्रकात नुसतं 'डीडीआर५' लिहिलं असेल तर बहुधा स्लॉट असतो, म्हणजे रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'एलपीडीडीआर५' किंवा 'एलपीडीडीआर५एक्स' असेल तर ती जवळपास नेहमीच सोल्डर केलेली असते. ही रॅम वीज कमी खाते आणि वेगवानही असते, त्यामुळे पातळ यंत्रांत ती वापरण्यात गैर काही नाही. फक्त ती वाढवता येत नाही. २०२४ साली आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते, १६ किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. ॲपलच्या एम मालिकेत २०२० पासून रॅम अशीच पॅकेजवर असते. अशा यंत्रात आज पुरेल एवढी नव्हे, तर पाच वर्षांनी लागेल एवढी रॅम घ्यावी. ८ जीबी सोल्डर केलेला नवा लॅपटॉप आज कितीही कमी किमतीत मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लॉट असेल तर तो एक आहे, दोन आहेत, की काही रॅम सोल्डर केलेली आणि जोडीला एक स्लॉट अशी रचना आहे, हे विचारून घ्यावं. दोन स्लॉट असताना एकच पट्टी लावली की मेमरीची रुंदी, म्हणजे एका वेळी माहिती ने-आण करण्याची क्षमता, निम्मी होते. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे हीच रॅम वापरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त फटका त्याला बसतो. १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन, यात दोन पट्ट्या अधिक चांगल्या चालतात. डीडीआर४ची पट्टी २६० पिनांची आणि डीडीआर५ची २६२ पिनांची असते. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून विकत घेण्याआधी आतली पट्टी कुठली आहे ते बघूनच घ्यावी.

प्रोसेसरच्या बाबतीत नावापेक्षा शेवटचं अक्षर आणि त्याला मिळणारी वीज महत्त्वाची. 'यू' म्हणजे साधारण १५ वॉटच्या आसपासचा, 'एच' म्हणजे ४५ वॉटचा, 'एचएक्स' त्याहून वरचा. एकच चिप एका पातळ लॅपटॉपमध्ये १५ वॉटवर आणि दुसऱ्या जाड लॅपटॉपमध्ये २८ वॉटवर चालते, आणि सलग कामात दोन्हींचा वेग स्पष्ट वेगळा पडतो. ग्राफिक्स कार्डाचं तर याहून टोकाचं आहे. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असू शकतं, आणि डब्यावर नाव मात्र एकच. हा आकडा मॉडेलच्या तपशिलात शोधावाच. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक बघावा. २ असेल तर आतली रचना झेन २, ३ असेल तर झेन ३ किंवा झेन ३ प्लस, ४ असेल तर झेन ४. त्यामुळे ७५२०यू आणि ७५४०यू ही नावं शेजारची वाटली तरी त्यांच्या रचनांमध्ये दोन पिढ्यांचं अंतर आहे.

स्क्रीनवर मात्र वेळ घालवावा, कारण दिवसभर आपण तिच्याकडेच बघतो. पडदा किती रंग दाखवू शकतो हे एनटीएससी किंवा एसआरजीबीच्या टक्क्यांत लिहितात. '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असलं की रंग फिके असणार हे धरूनच चालावं. फोटो, छपाई किंवा व्हिडिओचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी हवं. उजेड २५० निट्स असेल तर खिडकीजवळ बसून काम करताना डोळे ताणावे लागतात. ३०० चालतं, ४००ला आराम मिळतो. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० घेतलं तर उभ्या दिशेने १२० ओळी जास्त मिळतात. लेखन, हिशेब, कोड अशा सगळ्याच कामांत हा फरक रोज जाणवतो. ओएलईडी पडदा सुंदर दिसतो, पण बऱ्याच ओएलईडी पडद्यांत कमी उजेडावर प्रकाश वेगाने चालू-बंद होतो आणि काहींना त्याने डोकेदुखी होते. शक्य असेल तर उजेड अगदी कमी करून काही वेळ वाचून बघावं.

विकत घेण्याआधी आणखी एक काम जरूर करावं. लेनोव्हो, डेल, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळते. यंत्र कसं उघडायचं याची चित्रं त्यात असतात. बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, वाय-फाय कार्ड वेगळं निघतं का, पंखा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) न काढता बाहेर येतो का, हे सगळं पंधरा मिनिटांत कळतं. दोन गोष्टी खास बघाव्यात. एक, चार्जिंगचा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की थेट मदरबोर्डवर. रोज पिन खुपसली जाणारी ती जागा सैल होणारच, आणि ती मदरबोर्डवर असेल तर दुरुस्ती नाजूक होते. दुसरी, कीबोर्ड स्क्रूने बसवलाय की प्लास्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या पत्र्याला कायमचा जोडलाय. जोडलेला असेल तर एक कळ गेली तरी अख्खा वरचा भाग बदलावा लागतो.

यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चार्जिंग होईल किंवा मॉनिटर चालेल, असं नसतं. दोन्ही सोयी तपशिलात स्वतंत्रपणे लिहिलेल्या असाव्या लागतात. केबलचाही प्रश्न असतो. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतच. त्याहून जास्त वीज हवी असेल तर आत ओळख-चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. १०० वॉटचा चार्जर असूनही लॅपटॉप 'धीम्या गतीने चार्ज होत आहे' म्हणत असेल तर आधी केबल बदलून बघावी. गोल पिनेचा जुना चार्जर बदलताना व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मध्ये एक बारीक काडी असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा तुटली की यंत्र चालतं, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो. अशा वेळी दोष बॅटरीचा समजून नवी बॅटरी घेतली जाते, आणि तो खर्च वाया जातो.

जुना, वापरलेला लॅपटॉप हा चांगला पर्याय आहे, विशेषतः कंपन्यांच्या वापरातून निघालेली व्यावसायिक मालिकेतली यंत्रं. त्यांच्या बिजागऱ्या धातूच्या आणि मजबूत असतात, सुटे भाग मिळतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा ८व्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यानंतरचा, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे विंडोज वापरायचं असेल तर ८व्या पिढीच्या खाली जाऊ नये. तसंही २०१७ मध्ये त्या पिढीपासूनच पातळ लॅपटॉपांतल्या कोअर आय५ला दोनाऐवजी चार कोअर मिळाले. लिनक्स घालायचं असेल तर ही अट नाही.

यंत्र हातात आल्यावर आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघावं. तिथे पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवावा. तिथला अनुक्रमांक आणि तळाच्या स्टिकरवरचा क्रमांक जुळला पाहिजे. मॅकबुक असेल तर आधीच्या मालकाचं ॲपल खातं काढलेलं आहे याची समोर खात्री करून घ्यावी. कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नोंदलेलं यंत्र नव्याने सुरू करताना पुन्हा कंपनीचंच लॉगिन मागतं, म्हणून इंटरनेट जोडून सुरुवातीची मांडणी पूर्ण करूनच पैसे द्यावेत. मग स्क्रीन सावकाश पूर्ण उघडावी. कोपऱ्यातून कटकट आवाज आला किंवा चौकटीची कड फाकताना दिसली तर बिजागरीची बैठक सुटायला लागली आहे.

बॅटरी

बॅटरीचा खरा आकडा वॉट-अवरमध्ये असतो. एमएएच (मिलिअँपिअर-अवर) एकटं काही सांगत नाही, त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. १५.४ व्होल्ट आणि ३,६४० एमएएच म्हणजे सुमारे ५६ वॉट-अवर. वाचन, लेखन, ब्राउझर अशा हलक्या कामात लॅपटॉप सरासरी ७ वॉट घेत असेल तर ८ तास मिळतील. १४ वॉट घेत असेल तर ४ तास. जाहिरातीतल्या तासांपेक्षा हा भागाकार जास्त उपयोगी आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सोबत नेता येते, म्हणूनच मोठ्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या ९९च्या घरात थांबतात.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र आल्या की सोसत नाहीत: पूर्ण चार्ज आणि उष्णता. पूर्ण भरलेला सेल जास्त व्होल्टेजवर असतो, तिथे आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तापमान त्यांना आणखी गती देतं. दिवसभर प्लगला लावलेला, १०० टक्क्यांवर थांबलेला आणि वर जड काम करून तापलेला लॅपटॉप बॅटरी सगळ्यात लवकर संपवतो, जरी चार्ज-सायकल फारशा झालेल्या नसल्या तरी. उपाय सोपा आहे. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवण्याची सोय असते. टेबलावरच काम असेल तर ती चालू ठेवावी, प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करावी. प्लग काढून ठेवण्याची गरज नाही. मर्यादा गाठली की वीज थेट यंत्राला जाते, बॅटरीला नाही.

बॅटरी पूर्ण उतरवून मग पूर्ण भरावी, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला त्याने अपायच होतो. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान थोडं थोडं चार्ज करणं चांगलं. एक अपवाद: टक्केवारीचा काटा चुकू लागला, म्हणजे ३० टक्के दिसत असताना यंत्र अचानक बंद पडू लागलं, तर एकदा पूर्ण भरून साधारण १० टक्क्यांपर्यंत उतरवावं आणि परत भरावं. याने बॅटरी सुधारत नाही, मोजमाप सुधारतं. त्यानंतरही तसंच होत असेल तर एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडलेला आहे.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी' ही कमांड 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह (powercfg /batteryreport) चालवली की एक अहवाल तयार होतो. मूळ क्षमता, आता पूर्ण भरल्यावर मिळणारी क्षमता आणि बऱ्याच यंत्रांत सायकलींची संख्या त्यात दिसते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की आरोग्य कळतं. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर: दोन दिवस ५०-५० टक्के वापरलं की एक. ८० टक्क्यांच्या खाली आल्यावर बदलण्याचा विचार सुरू करावा, ६०च्या खाली अचानक बंद पडणं वाढतं. नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा भाग-क्रमांक आणि व्होल्टेज जुळवावं. एकाच मॉडेलला तीन सेलची ११ व्होल्टच्या आसपासची आणि चार सेलची १५ व्होल्टच्या आसपासची अशा दोन बॅटऱ्या असू शकतात, आणि त्यांची जागा व स्क्रूची भोकं वेगळी असतात.

लॅपटॉप महिनोन् महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज ठेवून पूर्ण बंद करावा, थंड जागी ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी बघावा. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर व्होल्टेज इतकं खाली जातं की संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊच देत नाही.

फुगलेली बॅटरी ओळखता आली पाहिजे. टचपॅड वर आलेलं वाटतं किंवा दाबताना क्लिक होत नाही, तळ टेबलावर डुगडुगतो, झाकण नीट मिटत नाही. असं काही दिसलं की चार्जर लगेच काढावा, यंत्र बंद करावं, आणि वर आलेला भाग दाबून बसवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. फुगा म्हणजे आत साठलेला ज्वलनशील वायू आहे. चिकटवलेली बॅटरी धारदार पात्याने खरवडून काढताना पाउच, म्हणजे सेलचं मऊ आवरण, फाटला तर आग लागू शकते. हे काम जाणकाराकडेच द्यावं आणि काढलेली बॅटरी ई-कचऱ्यात द्यावी, घरच्या कचऱ्यात नाही.

धूळ आणि उष्णता

बहुतेक लॅपटॉप तळातून हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा सोडतात. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या शालीवर ठेवला की तळाची भोकं बंद होतात. मागची बाजू दोन सेंटिमीटर उचलली तरी मोठा फरक पडतो, त्यासाठी पंखे लावलेलं स्टँड लागतंच असं नाही. प्रोसेसर जड कामात ९० ते ९५ अंशांना जाणं बहुतेक यंत्रांत अपेक्षितच असतं. साधारण १०० अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. काळजी तेव्हा करावी, जेव्हा काहीच चालू नसताना पंखा जोरात फिरतो, किंवा जड काम सुरू झाल्यावर काही सेकंदांतच वेग मूळ घोषित वेगाच्याही खाली येतो. टास्क मॅनेजरमध्ये मागे काही प्रोग्राम चालू नाही ना ते आधी बघावं. नसेल तर धूळ.

ही धूळ पंख्यावर नव्हे, तर पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या यांच्या मधल्या फटीत गोधडीसारखी दाटून बसते. बाहेरून फुंकर मारून ती जात नाही. झाकण उघडावंच लागतं. यंत्र पूर्ण बंद करावं, चार्जर काढावा, स्क्रू काढताना कागदावर तळाचं चित्र काढून त्यावर जागच्या जागी ठेवावेत, कारण त्यांच्या लांबी वेगळ्या असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर वरच्या पत्र्याला किंवा बोर्डाला इजा होते. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवावं, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा आणि पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरावं. पंख्याचं पातं बोटाने अडवून पट्ट्यांच्या बाजूने पंख्याकडे डब्यातली दाबलेली हवा मारावी. पातं मोकळं सोडलं तर ते मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. हवेचा डबा सरळ उभाच धरावा, तिरका केला की थंड द्रव बाहेर पडतो. व्हॅक्यूम क्लीनर आतल्या भागांवर वापरू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप, दर वर्षी बदलायची गरज नसते. धूळ काढूनही तापमान उतरत नसेल आणि यंत्र तीन-चार वर्षांचं असेल, तरच हात घालावा. हीटसिंकवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने थोडं थोडं आवळावं, काढताना उलट क्रमाने. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं, त्यामुळे पेस्ट तिच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. शेजारच्या मऊ थर्मल पॅडांच्या जागी वेगळ्या जाडीचे लावू नयेत. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा लावला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. काही गेमिंग लॅपटॉपांत पेस्टऐवजी द्रव धातू असतो. तो वीजवाहक आहे, सांडला तर बोर्ड जातो. तिथे अनुभव नसताना हात लावू नये.

उष्णतेचं एक कारण बॅगेत दडलेलं असतं. झाकण मिटलं की अलीकडचे विंडोज लॅपटॉप खोल झोपत नाहीत, मधूनमधून जागे होऊन अपडेट वगैरे करतात. बंद बॅगेत ती उष्णता कुठेच जात नाही. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद करणं) ठेवावं, सुरू व्हायला थोडे जास्त सेकंद लागतात एवढंच.

पाणी किंवा चहा सांडला तर कागदपत्रं सेव्ह करत बसू नये. पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करावं, चार्जर काढावा, स्क्रीन उघडी ठेवून यंत्र पालथं करावं. नुकसान ओलाव्याने होतं त्याहून जास्त ओलाव्यात वीज चालू राहिल्याने होतं, कारण त्यामुळे बोर्डावरचे धातू झपाट्याने गंजतात. तांदळात ठेवून आतलं पाणी निघत नाही, आणि हेअर ड्रायर ते आणखी आत ढकलतो. शक्य तितक्या लवकर उघडून बॅटरी वेगळी करणं आणि बोर्ड अल्कोहोलने धुणं हाच इलाज आहे. साखरेचा किंवा खारट द्रव असेल तर 'सुकला आणि चालू झाला' यावर समाधान मानू नये, काही आठवड्यांनी गंजून बंद पडणारी यंत्रं हीच असतात.

दुरुस्तीला देण्याआधी एक गोष्ट करावी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क न सांगताच कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होते. मदरबोर्ड बदलला, कधी कधी नुसता बायोस अपडेट केला, तरी सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर आतली माहिती कुणालाच काढता येत नाही. ती की खात्याच्या पानावर मिळते. तिथून ती कागदावर उतरवून घ्यावी, माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि दुरुस्ती स्क्रीनची किंवा कीबोर्डची असेल, एसएसडी सुटी निघत असेल, तर ती काढून घरीच ठेवून यंत्र द्यावं.